पेटीची मागची फळी

प्रिय फ्यूज,

हे नाव अजून चालतं का, ते आधी कळव. वर काय लिहायचं यातच माझी अर्धी सकाळ गेली. ‘सूनबाई’ लिहिलं आणि खोडलं, कारण कोर्टाच्या कागदाप्रमाणे तू आता ती नाहीस. तुझं खरं नाव लिहिलं, तर विजेच्या बिलावरचं नाव वाचल्यासारखं वाटलं. लग्न होऊन तू या घरात आलीस आणि तासाभरात घरभर अंधार झाला, सगळे मेणबत्त्या शोधत एकमेकांवर आदळत होते, आणि तू नव्या कपड्यांनिशी स्टुलावर चढून फ्यूज बसवून खाली उतरलीस. तेव्हापासून मी तुला याच नावानं हाक मारत आलो. हे नाव मी दिलेलं आहे, नवऱ्याकडून आलेलं नाही, त्यामुळे घटस्फोटात ते जायचं काही कारण नाही, असा माझा आपला समज. चुकत असेन तर स्पष्ट सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे घेईन, पण तुला कळू देणार नाही.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. ‘बरं, ठीक, ठेवतो’ याच्या पुढे माझी गाडी जात नाही. आणि विचारायचं आहे ते या महिन्यातच विचारायला हवं, नंतर विचारून उपयोग नाही. तुझं या घराशी आता काय नातं उरलं, हा तो प्रश्न. एवढ्या सरळ प्रश्नावर मी गेले कित्येक दिवस गटांगळ्या खातोय. पण तो पेटीपासून सुरू झाला, म्हणून मलाही पेटीपासूनच सांगावं लागेल. कपाट मधूनच बांधायला घेता येत नाही, तसं मला मधूनच सांगताही येत नाही.

पेटी म्हणजे आपली गेमची पेटी. स्टेशनजवळचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद झालं, तेव्हा तिथला एक जुना टीव्हीसारखा पडदा आणि एक हिरवा सर्किट बोर्ड तू टॉवेलात गुंडाळून घरी आणलास आणि माझ्या हत्यारांच्या टेबलावर ठेवून म्हणालीस, बाबा, याला घर बांधायचंय. मी जन्मभर कपाटं केली, दारं केली, दुकानांचे काउंटर केले. माणसानं समोर उभं राहून बटणं बडवायची, असलं सामान कधी केलं नव्हतं. तू भिंतीला टेकून उभी राहिलीस, मी तुझ्या कोपराच्या उंचीला पेन्सिलीनं खूण केली, मग माझ्या कोपराच्या उंचीला केली, आणि कोणाची उंची धरायची यावर आपण आठवडाभर वाद घातला. शेवटी दोन्ही खुणांच्या मधोमध तडजोड झाली, आणि बटणांची फळी दोघांनाही सारखीच गैरसोयीची झाली. बाजूच्या फळ्यांचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापायचा असा माझा नियम, आणि तू दर संध्याकाळी कामावरून येऊन म्हणायचीस, पेटीचं कपाळ अजून थोडं मागे घ्या बाबा. किती पुठ्ठे फुकट गेले! तुझ्या सासूनं ती पेटी बघून, पाणघोडा मागच्या पायांवर उभा राहिलाय, असं प्रमाणपत्र दिलं होतं. आणि आमचे चिरंजीव दारातून डोकावून, याला ड्रॉवर कुठे येणार, असं विचारून निघून जायचे.

तिथपर्यंत मला सगळं कळत होतं. पुढचं कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. तुम्ही दोघं एका सकाळी चहाच्या टेबलावर आमच्यासमोर शेजारी शेजारी बसलात आणि आम्ही वेगळे होतोय म्हणून सांगितलंत. तो तुला साखर देत होता, तू त्याच्याकडे बिस्किटं सरकवत होतीस. भांडण झालं असतं, कपबश्या फुटल्या असत्या, तर मी मध्ये पडलो असतो, कोणाला तरी रागावलो असतो. लाकूड तडकतं तेव्हा निदान आवाज तरी होतो. इथे काहीच नाही. दोघंही शहाणी, दोघंही एकमेकांबद्दल चांगलं बोलताय, आणि तरी एकत्र राहता येत नाही म्हणताय. मी त्याला विचारलं, तो म्हणाला, बाबा, कारण असं काही नाही, तेच कारण आहे. हे वाक्य मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मला त्याचं पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं, तेच सापडत नाही.

तू गेलीस तेव्हा पेटीला पाठ नव्हती. पडदा बसला होता, बोर्ड बसला होता, बांधलेल्या तारांची टोकं आतून लोंबत होती. हातात बॅग घेऊन तू हत्यारांच्या खोलीत आलीस आणि म्हणालीस, मागची फळी स्क्रूनं लावा बाबा, उघडता आली पाहिजे. मी मान डोलावली. आणि मग फळी गोंदानं चिकटवून टाकली. खाचा घेऊन, पक्क्या सांध्यात, शिकंज्यांत आवळून, सुई जाणार नाही अशी. तू कपाळाला हात लावशील हे मला माहीत आहे. एक तर मी गिऱ्हाइकाला कधी स्क्रूचं डोकं दिसू दिलं नाही, ती खोड हाडात गेलेली. आणि दुसरं म्हणजे, उघडता आली पाहिजे म्हणजे तू येऊन उघडणार, असंच माझ्या डोक्यात होतं. तू येणारच नसशील तर ती उघडणार कोण, आणि कशाला? असा सगळा विचार करून मी ती बंद केली. त्या दिवशी तो विचार मला फार बिनतोड वाटला होता.

मग बटणं बसवली, खेळायची दांडी बसवली, पॉलिशचे हात दिले आणि एका दुपारी वीज चालू केली. फ्यूज, पडदा लागला! गाणं वाजलं! खेळातला तो बादलीवाला छोटा माणूस टुणकन पुलावर आला. मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो, तर तुझी सासू काय पडलं म्हणून बघायला आली. मी दांडी धरली आणि खेळायला लागलो. पहिला पूल पार, दुसरा पूल पार, तिसऱ्या पुलावर बिचारा घसरून पाण्यात. पहिल्याच दिवशी तिसरा पूल म्हणजे काही वाईट नाही, असं माझं मत झालं. रोज दुपारी माझा सराव सुरू झाला. शेजारचे शिंपीकाका, तेच, तुझ्या सगळ्या पँटींच्या लांबीवर टीका करणारे, तेही यायला लागले. त्यांनाही जमलं. ते म्हणाले, यात मनगट सैल सोडायचं असतं, जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मी म्हणालो, रंधा चालवणाऱ्यालाही लागत नाही. कोणाचा हात जास्त चांगला यावर आमच्यात अबोला धरण्यापर्यंत पाळी आली. तिसऱ्या पुलावर मात्र दोघंही पडायचो. पूलच अवघड आहे, यावर आमचं एकमत होतं.

तुझी सासू दारात वाटाणे सोलत बसायची. एकदा बाहेर कोणीतरी हाक मारली म्हणून मी खेळ अर्धवट टाकून गेलो, शिंपीकाका चष्मा पुसत होते, आणि परत आलो तर ही माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. म्हणाली, अहो, तुम्ही दोघंही हात लावत नव्हतात आणि तो आपला आपण उड्या मारत होता. तिसऱ्या पुलावरच पडला, अगदी तुमच्यासारखा. मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, मला कळत नाही हे बरोबर आहे, पण तो तुमचं ऐकत नाही हेही बरोबर आहे. मग मी हात मागे बांधून उभा राहिलो. पहिला पूल. दुसरा पूल. तिसऱ्यावर घसरला. शिंपीकाका चपला घालून घरी गेले.

नंतर आठवलं, तू सांगितलं होतंस की कोणी खेळत नसेल तेव्हा यंत्र स्वतःच थोडं खेळून दाखवतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला भुलवायला. बटणांच्या तारा तू अजून जोडल्याच नव्हत्यास. त्यांची टोकं फळीमागे तशीच सुटी होती. म्हणजे इतके दिवस मी एका काठीला धरून आनंदानं उभा होतो. हसू नकोस. हस, हरकत नाही. आता तारा जोडायच्या तर फळी उघडायला हवी, आणि ती फळी आता फक्त करवतीनंच उघडेल. मी करवत घेऊन किती वेळा मागे बसलो, सांगता येत नाही. कुठे कापू? तुझ्या तारा कुठून गेल्यात ते मला ठाऊक नाही. पेटी तशीच ठेवली. रोज दुपारी वीज चालू करतो, तो पडतो, मी बंद करतो.

आता दुसरी बातमी, आणि ही कशी लिहायची ते मला समजत नाही. चिरंजीव पुन्हा लग्न करताहेत. तुला कदाचित त्यानं कळवलंही असेल, तुम्हा शहाण्या लोकांचं काही सांगता येत नाही. मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मी तिला बघायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं की आपल्याला ती आवडणार नाही. तशी तयारीही केली होती, कमी बोलायचं, चहा झाला की उठायचं. पण ती आली आणि पहिल्याच भेटीत माझा चष्मा नाकावरून काढून घेतला, त्याची दांडी जरा वाकवली आणि परत ठेवला. गेली दोन-तीन वर्षं तो सारखा घसरत होता, आता हलत नाही. आणि मला ती आवडली. मला ती आवडली याचा मला इतका राग आला की मी खरोखरच उठून हत्यारांच्या खोलीत जाऊन बसलो. मी पक्ष बदलला की काय, असं वाटायला लागलं. पण कुठला पक्ष? तुमच्यात भांडणच नाही, तर पक्ष कुठले? बघ, माझं हे असं होतं.

ती माझ्या मागून तिथे आली. तिला पेटी दिसली. चालू करायला सांगितली, बादलीवाल्याला पडताना पाहिलं, मी सगळी कथा सांगितली तेव्हा पोट धरून हसली, आणि मग तिनं पर्समधून ती डोळे तपासायची बारीक बॅटरी काढली. आवाज बाहेर यायला आपण खाली भोकं पाडली आहेत ना, त्यातून ती आत बघायला लागली. गुडघे टेकून, एक डोळा मिटून, बराच वेळ. मग म्हणाली, काका, आत रंगीत दोऱ्यांनी तारांच्या जुड्या बांधल्यात, वेणीसारख्या सरळ, एक तार इकडची तिकडे नाही. कोणाचं काम आहे हे? आणि मी म्हणालो, आमच्या लेकीचं.

मी काही ठरवून बोललो नाही. थाप मारायची म्हणूनही बोललो नाही. विचारलं आणि आलं तोंडातून. आधी एक लग्न झालं होतं हे तिला ठाऊक आहे, चिरंजीवांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलंय. पण तू कोण, काय करतेस, कशी आहेस, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं खोदून विचारलं नाही. त्यामुळे ती उठली, गुडघे झटकले आणि आनंदानं बाहेर जाऊन त्याला म्हणाली, तुला बहीण आहे आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस! त्याच्या हातातला चमचा कपात पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पॉलिश नीट बसलंय का ते बघायला खाली वाकलो.

आता तुझी सासू हे निस्तरेल, असं मला वाटलं. तू गेल्यापासून तिनं तुझं नाव घेतलेलं नाही. कधी विषय निघालाच तर ‘ती’ म्हणते आणि गॅस पुसायला घेते. मला वाटलं, आता ही म्हणेल, यांचं काय ऐकतेस, यांना बोलायचं भान नाही. तसं काही झालं नाही. ही ओट्यापाशी उभी होती. हात पुसत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, अगं, तिची काय गंमत सांगू. आणि सुरू झाली. तू थंडीत स्वेटर घालत नाहीस, काम करताना शिट्टी वाजवतेस आणि ती फार बेसूर असते, वांगं बघितलं की नाक मुरडतेस, रागावलीस की भांडी घासायला घेतेस आणि मग सगळी भांडी कशी लख्ख होतात. तुझ्या दोऱ्यांचंही सांगितलं. तारा बांधायला काही मिळेना म्हणून तू हिच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या रिळा संपवल्यास, आणि तेव्हा ही कशी चिडली होती. फ्यूज, ती थांबेचना. चहा दोनदा झाला. चष्मेवाली हनुवटीला हात लावून ऐकत होती, चिरंजीव भिंतीकडे बघत होते, आणि मी आमच्या घरात हे कोण बोलतंय ते बघत होतो. शेवटी चष्मेवालीनं विचारलं, ताईंचा नंबर द्याल का, मीच लग्नाचं आमंत्रण करते, बहिणीशिवाय कसलं लग्न? तेव्हा हिनं तुझा नंबर सांगितला. कुठे बघितला नाही, आठवायला थांबली नाही. घडाघडा पाठ होता.

ती गेल्यावर चिरंजीवांनी मला अंगणात गाठलं. असा चिडलेला मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता. म्हणाला, बाबा, आता मी काय सांगू, की माझी बहीण म्हणजे माझी पहिली बायको? ऐकायला कसं वाटतंय ते कळतंय का तुम्हाला? मी म्हणालो, कळतंय. तो म्हणाला, तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा. मग जरा वेळानं स्कूटरला टेकून, माझ्याकडे न बघता म्हणाला, ती वांगं खात नाही हे मला माहीतच नव्हतं. हिला विचारलं, तू असं का केलंस, तर म्हणाली, मी एक तरी शब्द खोटा बोलले का? आणि गॅस पुसायला घेतला. म्हणजे घरात तीन माणसं, तिघंही मूग गिळून बसलेली, आणि एका परक्या पोरीला आम्ही सगळ्यांनी मिळून एक मुलगी दाखवली आहे, जी आहे, आणि नाही.

चष्मेवाली आपल्या गावी गेली आहे, महिनाअखेरीस परत येईल आणि मग तुला फोन करेल. तू गडबडून जाऊ नयेस म्हणून हे पत्र, असं मी हिला सांगून बसलो. तुला वेळ मारून न्यायला सांगावं, असंही आधी मनात होतं. पण आपल्याच नवऱ्याच्या लग्नात बहीण म्हणून उभी राहा, असं मी तुला सांगायला निघालो होतो, हे वाक्य कागदावर येताच मला घाम फुटला. ते नको. तिनं फोन करायच्या आधी मी स्वतः तिच्या दुकानात जाऊन तिला खरं सांगणार आहे. वाक्य तयार आहे, ‘ज्या मुलीनं तारा बांधल्या ती माझ्या मुलाची पहिली बायको.’ पेटीसमोर उभा राहून मी ते म्हणून बघितलं. त्यातला एकेक शब्द खरा आहे, आणि तरी म्हणताना आपण खोटं बोलतोय असं वाटत राहतं. तेवढं मी सोसेन. पण मुलगी हुशार आहे, ती लगेच विचारेल, काका, मग तुम्ही लेक का म्हणालात? आणि काकूही? याचं उत्तर माझ्यापाशी आहे. कारण ती आहे, एवढंच उत्तर आहे. लग्नाबरोबर आली असेल, पण लग्नाबरोबर गेली नाही. फक्त हे मी एकट्यानं ठरवून कसं चालेल? तुझीही काही बाजू असेल. तू नवीन ठिकाणी नवीन माणसांत रमली असशील, हे जुनं लोढणं तुला नको असेल, तर तसं लिही, मी तिला म्हणेन की म्हातारपणी जीभ घसरली, आणि तो विषय तिथेच बंद करीन. पण तुझी ना नसेल, तर महिनाअखेरीच्या आत कळव. त्या पोरीला तोंडावर तसं सांगायला मला तुझी परवानगी हवी आहे. त्यासाठीच हे पत्र लिहिलं.

तुझाच,
(परवानगी मिळाली तर) बाबा